अ‍ॅनाटॉमी कुठून करू? : उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
कार्यकारिणी सदस्य,
उत्तर अमेरिकेतील सर्व महाराष्ट्र मंडळे

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणं नंतर. आपल्यापैकी प्रत्येक मंडळाने वर्षातून एकदा, कॉलेजांची नावनोंदणी उघडायच्या आधी, नर्सिंगला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन-तीन तासांची बैठक घ्यावी. भाषणं नकोत, शाल-श्रीफळ नको, 'माझा प्रवास' तर मुळीच नको. चार टेबलं, वाय-फाय आणि अलीकडेच या सगळ्यातून गेलेल्या दोघी-तिघी एवढं पुरे. विषय एकच: नर्सिंगच्या प्रवेशाआधी जे विज्ञानाचे कोर्स, म्हणजे प्रीरिक्विझिट, करावे लागतात ते कुठे, कोणत्या क्रमाने आणि कोणते घ्यायचे, म्हणजे पुढचं कॉलेज ते धरेल.

मी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात मेड-सर्ज फ्लोअरवर (सर्वसाधारण आजार आणि शस्त्रक्रियांच्या रुग्णांच्या विभागात) काम करणारी नर्स आहे. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न पगाराचा नसतो, नाइट शिफ्टचाही नसतो. "ताई, अ‍ॅनाटॉमी कुठून करू?" हा असतो. मी उलट विचारते, "अर्ज कुठे करणार आहेस?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते अजून ठरवलं नाही. आधी प्रीरिक्विझिट संपवते, मग बघू."

हा 'मग बघू'च नडतो. या देशात नर्सिंगच्या प्रीरिक्विझिटची एक अशी यादीच नाही. राज्यागणिक वेगळी, राज्यात कॉलेजागणिक वेगळी, आणि एकाच युनिव्हर्सिटीत चार वर्षांच्या बीएसएनची (नर्सिंगच्या पदवीची) वेगळी नि आधीच पदवी असलेल्यांसाठीच्या अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनची वेगळी. वरवर पाहिलं तर नावं सगळीकडे तीच: अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, इंग्रजी. फरक दडलेला असतो युनिटांत (कोर्स केवढा ते मोजायचं माप, काही राज्यांत त्यालाच क्रेडिट म्हणतात), लॅबमध्ये आणि कोर्स किती जुना आहे यात.

विचारणाऱ्या कोण असतात, तेही सांगते. पुण्या-नाशिकची बी.एस्सी. मायक्रो, नागपूरची बी.फार्म., कोल्हापूरची बीएचएमएस, कधी बँकेत नोकरी केलेली. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली, मुलं शाळेत जायला लागलेली, आता स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय अशी. हुशारीत कुठे कमी नाही. तरी अडखळते, कारण आपल्याकडे विषय निवडायची सवयच नसते. बारावीला पीसीबी घेतलं की पुढचं सगळं विद्यापीठ आखून देतं. कोणता पेपर, किती मार्कांचा, प्रॅक्टिकल कधी, सगळं वरून छापून येतं. इथे कॅटलॉग उघडला की बायोलॉजीचेच तीस-चाळीस कोर्स समोर येतात आणि "घे तुला हवा तो" म्हणतात. चुकीचा घेतला तरी कोणी अडवत नाही. फी भरा, वर्गात बसा, ए मिळवा. अर्ज नाकारला जातो तेव्हा कळतं.

पैशाचं म्हणाल तर कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) ते त्या मानाने थोडे असतात. कॅलिफोर्नियात रहिवासी ठरलेल्या विद्यार्थ्यासाठी २०१२पासून एका युनिटला ४६ डॉलर फी आहे. चार युनिटांची अ‍ॅनाटॉमी १८४ डॉलरांत होते. एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असताना शिकायला वेगळा स्टुडंट व्हिसाही लागत नाही. जातं ते सेमिस्टर. केमिस्ट्रीशिवाय फिजिऑलॉजी नाही, अ‍ॅनाटॉमीशिवाय पुढचं काही नाही अशी साखळी बऱ्याच कॉलेजांत असते, त्यामुळे एक कडी निसटली की मागचा सगळा डबा थांबतो. त्यात या वर्गांना वेटलिस्ट. पहिल्या दिवशी वर्गाच्या दाराशी उभं राहून प्रोफेसरकडे अ‍ॅड कोड, म्हणजे भरलेल्या वर्गात नाव घालायचा कोड, मागणाऱ्या मुलामुलींत आपलीही एखादी असते, हातात मुलाच्या शाळेच्या वेळा लिहिलेला कागद घेऊन.

आता मूळ गुंत्याकडे येते. कॉलेजच्या काउन्सेलरला "हा कोर्स ट्रान्सफरेबल आहे का?" असं विचारलं की तो "हो" म्हणतो, आणि त्याचं चुकतही नाही. पण त्या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. ही युनिटं पुढची युनिव्हर्सिटी पदवीच्या एकूण युनिटांत मोजेल का, हा पहिला. ती तिच्या जनरल एज्युकेशनच्या (सगळ्यांना सक्तीच्या सामान्य विषयांच्या) अमुक चौकटीत बसतील का, हा दुसरा. आणि तिचा नर्सिंग विभाग या कोर्सला आपल्या अ‍ॅनाटॉमीच्या जागी धरेल का, हा तिसरा. काउन्सेलर पहिल्याचं उत्तर देतो, आपण ते तिसऱ्याचं समजून घरी येतो. युनिटं खरोखर ट्रान्सफर होतात, आणि इलेक्टिव्ह (ऐच्छिक) म्हणून ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) नुसती बसून राहतात.

कॅलिफोर्नियात यावर एक चांगलं साधन आहे, असिस्ट डॉट ऑर्ग. कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या कॅल स्टेटच्या किंवा यूसीच्या (राज्याच्या दोन सरकारी विद्यापीठसमूहांच्या) कोणत्या कोर्ससमोर धरला जातो, ते तिथे वर्षवार दिसतं. त्यात नुसतं 'ट्रान्सफरेबल कोर्सेस' बघून उठू नये. युनिव्हर्सिटी निवडायची, मेजरमध्ये नर्सिंग निवडायचं आणि ओळीला ओळ लावून बघायची. पण असिस्ट मुख्यतः राज्याच्या सरकारी संस्थांपुरतं. बहुतेक खासगी युनिव्हर्सिट्या त्यात नाहीत, बाहेरचं राज्य नाही, आणि एका कम्युनिटी कॉलेजातून दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजच्या असोसिएट डिग्रीला (दोन वर्षांच्या पदवीला) जायचं असेल तर तेही त्यात दिसत नाही. त्यासाठी त्या दुसऱ्या कॉलेजच्या नर्सिंग विभागाचा स्वतःचा तक्ता बघावा लागतो. बऱ्याच विभागांनी शेजारच्या कॉलेजांचे कोर्स नंबर लिहून असा तक्ता लावलेला असतो, पण वेबसाइटवर चार क्लिक आत. त्याशिवाय सी-आयडी म्हणून एक राज्यव्यापी खूण असते. कॅटलॉगमध्ये कोर्सच्या वर्णनाखाली बारीक अक्षरांत बीआयओएल ११०बी दिसलं तर ती लॅबसकट ह्यूमन अ‍ॅनाटॉमी, १२०बी असेल तर लॅबसकट फिजिऑलॉजी. आपल्यापैकी फार थोड्यांची नजर तिथे जाते.

इतर राज्यांत व्यवस्था निराळी आणि काही ठिकाणी सोपी. टेक्सासात कोर्सचे नंबर राज्यभर एकसारखे आहेत: बीआयओएल २४०१ आणि २४०२ म्हणजे अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, २४२० म्हणजे नर्सिंगवाल्यांची मायक्रोबायोलॉजी. नंबरातला पहिला आकडा पातळी सांगतो आणि दुसरा क्रेडिट, म्हणजे ही सगळी चार-चार क्रेडिटांची. फ्लोरिडातही राज्यव्यापी नंबर आहेत. तिथे ए अँड पीचा (म्हणजे या अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या जोडीचा) पहिला भाग बीएससी २०८५ असतो, आपल्या बी.एस्सी.शी त्याचा काही संबंध नाही. शेवटी सी हे अक्षर असेल तर लेक्चर-लॅब एकत्र, एल असेल तर नुसती लॅब. न्यू जर्सीत सरकारी कॉलेजांसाठी २००८चा राज्यव्यापी करार आहे आणि एनजे ट्रान्सफर नावाची वेबसाइट. एडिसनच्या मंडळींना हे माहीत असेल असं मला वाटायचं. तिथल्याच ओळखीच्या बायका मला कॅलिफोर्नियात फोन करून विचारतात, त्यावरून नसावं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र मंडळांनाच लिहिलं, कॉलेजांना नाही, तो मुद्दा. आपली माणसं एका जागी राहत नाहीत. नवऱ्याची कंपनी बदलते, टीम ऑस्टिनला जाते, ले-ऑफ होतो, साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधायची तर डॅलस काय आणि शार्लट काय. कॉलेजचा काउन्सेलर आपल्या राज्यातल्या आपल्या युनिव्हर्सिटीपुरता विचार करतो, त्याचं तेच काम आहे. घरावर टांगलेली एच-१बीची तारीख त्याला दिसत नाही. ती आपल्याला दिसते. म्हणून आपल्या बायकांना लागणारा सल्ला थोडा वेगळा आहे, आणि तो आपल्याशिवाय कोणी देणार नाही.

नेमकं काय होतं ते बघा. कॅलिफोर्नियातल्या सेमिस्टर पद्धतीच्या बऱ्याच कॉलेजांत अ‍ॅनाटॉमी एका सेमिस्टरला आणि फिजिऑलॉजी दुसऱ्या सेमिस्टरला असते. पहिल्यात संपूर्ण शरीराची रचना, दुसऱ्यात संपूर्ण शरीराचं कार्य. टेक्सासात, न्यू जर्सीत, देशाच्या बऱ्याच भागात ते आडवं कापलेलं असतं. ए अँड पी वनमध्ये पेशी, ऊती, त्वचा, हाडं, स्नायू, मज्जासंस्था, रचना आणि कार्य दोन्ही. टूमध्ये अंतःस्रावी ग्रंथी, रक्त, हृदय, फुप्फुसं, पचन, मूत्रपिंड, प्रजनन. समजा एखादीने बे एरियातल्या फ्रीमाँटला राहून अ‍ॅनाटॉमी केली, मनगट दुखेपर्यंत हाडांचे उंचवटे-खळगे पाठ केले, ए मिळवला, आणि डिसेंबरात कुटुंब टेक्सासातल्या फ्रिस्कोला गेलं. आता तिच्या हातात आहे ते वनही नाही आणि टूही नाही. हृदयाच्या झडपा तिला माहीत आहेत पण ईसीजीची लहर शिकवलेली नाही. नर्सिंग विभाग म्हणणार, दोन्ही पहिल्यापासून करा. त्यात विभागाचं चुकतं असंही मला म्हणता येत नाही. जी गोष्ट शिकलीच नाही ती शिकली असं कसं धरायचं?

सिलिकॉन व्हॅलीत तर तिसराच प्रकार. डी अँझा आणि फूटहिल ही दोन्ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची, म्हणजे सेमिस्टरपेक्षा लहान सत्रांची. तिथे ए अँड पी तीन क्वार्टरांत विभागलेलं आहे, ४०ए, ४०बी, ४०सी. तिन्ही एकाच कॉलेजात पूर्ण केली की उत्तम. दोन करून सोडली तर ती कुणाच्याच साच्यात बसत नाहीत. शिवाय युनिटांचा हिशेब. एक क्वार्टर युनिट म्हणजे सेमिस्टर युनिटाचा दोन-तृतीयांश. पाच क्वार्टर युनिटांचा एकटा कोर्स म्हणजे साडेतीनही सेमिस्टर युनिटं नव्हेत. समोरच्या कॉलेजने 'किमान चार सेमिस्टर युनिटं' म्हटलं असेल तर सहा क्वार्टर युनिटं लागतात. मायक्रोबायोलॉजीत हे विशेष नडतं, कारण तिथे बेरीज करायला दुसरा भाग नसतो.

म्हणून कुटुंब हलण्याची शक्यता असेल तर माझा सल्ला सरळ आहे: सगळ्यात कडक कॉलेज काय मागेल ते धरून चाला. प्रत्येक विज्ञान विषय लॅबसकट चार सेमिस्टर युनिटांचा. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीची जोडी एकाच कॉलेजात, मध्ये न सोडता, आणि जोडी पूर्ण होईल याची खात्री नसेल तर त्या सेमिस्टरला ती सुरूच करू नका. तेवढ्यात केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी उरका, ते सहसा कुठेही चालतं. पास-नो पास नको, अक्षरी ग्रेड हवी. आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस, लॅबच्या प्रयोगांच्या यादीसकट, पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा. सेमिस्टर संपलं की कॉलेजचं पोर्टल बंद होतं. पुढचा नर्सिंग विभाग जेव्हा "तुमच्या फिजिऑलॉजीत लॅबचे तास किती होते?" असं विचारतो तेव्हा ट्रान्सक्रिप्टवर ते लिहिलेलं नसतं.

लॅबबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण ऑनलाइन कोर्सच्या जाहिराती आपल्या गटांत रोज फिरतात. स्वतःच्या वेगाने, घरबसल्या, सहा आठवड्यांत मायक्रोबायोलॉजी. मूल मांडीवर असताना हे किती मोहाचं वाटतं ते मी समजू शकते. कॅलिफोर्नियाच्या नर्सिंग बोर्डाच्या नियमातच अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी लॅबसकट असायला हवेत असं लिहिलेलं आहे. कोविडनंतर ऑनलाइन लॅब चालवून घेणारी कॉलेजं वाढली, पण अजिबात न घेणारीही आहेत, आणि काही ठिकाणी लेक्चर ऑनलाइन चालतं, लॅब प्रत्यक्षच लागते. काही ऑनलाइन कंपन्यांचे कोर्स तर कॉलेजचे नसतातच. त्यांना फक्त 'क्रेडिट द्यायला हरकत नाही' अशी शिफारस असते, आणि ती मानायची की नाही हे समोरच्या कॉलेजच्या मर्जीवर. तेव्हा फॉरवर्ड आलेल्या "माझ्या वहिनीचा चालला" या वाक्यात वहिनी कुठल्या राज्यात, कुठल्या कॉलेजात, कोणत्या वर्षी गेली हे नसेल तर ते वाक्य पुढे पाठवू नये. हे काम ग्रुप अ‍ॅडमिनांचं, म्हणजे बहुतेक ठिकाणी तुमचंच.

सारख्या दिसणाऱ्या नावांचाही एक सापळा असतो. एकाच सेमिस्टरात शरीररचना आणि कार्य दोन्ही उरकणारा 'इसेन्शियल्स' किंवा 'सर्व्हे' नावाचा कोर्स मेडिकल असिस्टंटसारख्या अभ्यासक्रमांसाठी असतो, आरएनसाठी (रजिस्टर्ड नर्ससाठी) सहसा चालत नाही. 'ह्यूमन बायोलॉजी' म्हणजे ह्यूमन अ‍ॅनाटॉमी नव्हे. डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी जन्मापासून म्हातारपणापर्यंतची लागते. नुसत्या बालविकासाच्या कोर्सने भागत नाही. ज्यांची मुलं अकरावी-बारावीत आहेत त्यांच्यासाठी: एपी (हायस्कूलमध्येच होणारे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) स्टॅटिस्टिक्स आणि एपी सायकॉलॉजी पुष्कळ ठिकाणी कामी येतात, एपी बायोलॉजी मात्र अ‍ॅनाटॉमीची जागा घेत नाही. आणि जाता जाता, मुलीने "नर्सिंग करते" म्हटल्यावर "मेडिकलला का नाही?" असं भर कार्यक्रमात विचारणारे काका-मावश्या प्रत्येक मंडळात आहेत. त्यांच्यासाठी बैठक घेऊन उपयोग नाही.

भारतातल्या पदव्यांचं दुखणं वेगळं. बी.एस्सी. मायक्रो झालेल्या बाईला मायक्रोबायोलॉजी पुन्हा करायला सांगितलं की तिचा संताप होतो, आणि तो साहजिक आहे. तिने सर्टिफाइड जर्नल सांभाळून आणलेलं असतं, तपकिरी कव्हराचं, प्रत्येक प्रयोगाखाली मॅडमची सही आणि तारीख. ग्रॅम स्टेनिंग तिला झोपेतही येतं: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रॅनिन, आणि मग ऑइल इमर्शनखाली जांभळे नि गुलाबी ठिपके. तरी तिला एकोणीस वर्षांच्या मुलांशेजारी उभं राहून तीच स्लाइड पुन्हा करावी लागते. कारण ज्ञानाचं नसतं, कागदाचं असतं. आपल्या जुन्या वार्षिक पद्धतीच्या मार्कशीटवर 'पेपर वन, पेपर टू, प्रॅक्टिकल' एवढंच छापलेलं. कोणत्या पेपरात किती तास लॅब, त्याची क्रेडिटं किती, याचा पत्ता नाही. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून प्रत्येक विषयाचं वेगळं मूल्यांकन करून घेतलं तरी अनेक नर्सिंग कॉलेजं परदेशी विज्ञान विषय प्रीरिक्विझिट म्हणून घेत नाहीत, आणि काही घेतात ती पाच किंवा सात वर्षांच्या आतले.

यात माझं मत असं की मूल्यांकन जरूर करा, कारण भारतातली पदवी पदवी म्हणून मान्य झाली की अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएनचं दार उघडतं आणि बरीच जनरल एज्युकेशनची युनिटं वाचू शकतात. पण मूळ विज्ञान विषय माफ होतील या आशेवर वर्ष घालवू नका. विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवणं, त्यासाठी पुण्यातल्या भावाला खेपा घालायला लावणं, सिलॅबसवर शिक्का, कुरिअर, सगळं होईपर्यंत इथे दोन सेमिस्टरं संपतात. नर्सिंग विभागाला एक ईमेल करून विचारा: परदेशी युनिटं प्रीरिक्विझिटसाठी घेता का? 'नाही' आलं तर त्याच आठवड्यात नाव नोंदवा. ईमेलच करा, फोन नको. लेखी उत्तर जपून ठेवता येतं. भारतातून जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग होऊन आलेल्यांची वाट मात्र पूर्ण निराळी आहे, त्यांची पात्रता राज्याचं बोर्ड तपासतं. त्यांनी या पत्रातलं काही स्वतःला लावून घेऊ नये.

आता ग्रेडचं. कॅलिफोर्नियातल्या अनेक कम्युनिटी कॉलेजांनी वर्षानुवर्षं वापरलेल्या निवडीच्या सूत्रात चार गोष्टी बघतात: एकूण जीपीए (ग्रेडांची सरासरी), इंग्रजीचा जीपीए, मूळ जीवशास्त्र विषयांचा जीपीए, आणि हे जीवशास्त्राचे विषय किती वेळा पुन्हा घेतले. चौथी गोष्ट बायकांना माहीतच नसते. "नाही जमलं तर सोडू, पुढच्या वेळी परत घेऊ" हे आपल्या एटीकेटीच्या सवयीचं गणित इथे महागात पडतं, कारण काही कॉलेजं मध्येच सोडलेल्या कोर्सची डब्ल्यूसुद्धा प्रयत्न म्हणून मोजतात. म्हणून घर, मूल आणि कॉलेज सांभाळणारीने पहिल्या सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी आणि केमिस्ट्री एकत्र घेऊ नये, मग नणंद काहीही म्हणो. आणि उलट बाजूने, फार सावकाशही जाऊ नये. विज्ञान विषयांना मुदत असते. आज केलेली अ‍ॅनाटॉमी सात वर्षांनी शिळी धरली जाऊ शकते. धाकटा बालवाडीत असताना एक आणि तो पाचवीत गेल्यावर पुढचा, असं चालत नाही.

"प्रीरिक्विझिट लागत नाहीत, वेटलिस्ट नाही" असं सांगणाऱ्या खासगी कॉलेजांविषयी बैठकीत स्पष्ट बोललं जावं. त्यातली काही चांगली आहेत, फी भरमसाट असली तरी. बघायच्या गोष्टी तीन: राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता, एसीईएन किंवा सीसीएनई यांच्यासारख्या संस्थेची नर्सिंगची अ‍ॅक्रेडिटेशन (दर्जाची मान्यता), आणि कॉलेजची स्वतःची संस्था म्हणून असलेली अ‍ॅक्रेडिटेशन. तिसरी कमजोर असली तर तिथली युनिटं सरकारी युनिव्हर्सिटी घेत नाही, आणि पुढे बीएसएन किंवा मास्टर्सला जायचं म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून.

नोकरीच्या परवान्याचंही बैठकीत सुरुवातीलाच सांगून टाका, शेवटी नको. एच-४ वर शिकता येतं, पण काम करायला ईएडी (कामाचा परवाना) लागतं, आणि २०१५च्या नियमाप्रमाणे ते मिळायला नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा, सहसा कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असावा लागतो किंवा त्याला एच-१बीवर सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळालेली असावी लागते. हे कळूनही शिकायचं ठरवणाऱ्या पुष्कळ आहेत. पण कळून ठरवू द्या.

मंडळांना हे जमेल का, अशी शंका कोणी काढेल. आपल्या मराठी शाळांकडे बघा. बृहन्महाराष्ट्र मंडळाने, म्हणजे आपल्या सगळ्या मंडळांच्या शिखर संस्थेने, भारती विद्यापीठाबरोबर एक अभ्यासक्रम ठरवला, म्हणून शिकागोच्या शाळेतली मुलगी ह्यूस्टनला गेली तर तिथल्या शिक्षिकेला विचारावं लागत नाही की ही कितवीत बसेल. ज्यांनी मुलांच्या मराठीसाठी एवढी जुळणी केली, त्यांना आईच्या अ‍ॅनाटॉमीसाठी राज्याराज्यांतल्या नर्सांची एक यादी बनवणं अवघड नाही. प्रत्येक राज्यातून दोघी, ज्यांनी गेल्या तीन-चार वर्षांत तिथे प्रवेश घेतला आहे अशा. डॅलसला निघालेल्या बाईला डॅलसच्या नर्सचा नंबर मिळावा, तोही पॅकिंग सुरू होण्याआधी. यादी दरवर्षी जानेवारीत तपासावी, कारण कॅलिफोर्नियात आता कम्युनिटी कॉलेजांचे कोर्स नंबरही राज्यभर एकसारखे करायचं काम सुरू झालंय. इंग्रजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी आधी बदलले, विज्ञानाचेही बदलत जातील, आणि दोन वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉट घेऊन कोणी फसू नये.

तारखेचं म्हणाल तर गुढीपाडव्याच्या कार्यक्रमासाठी हॉल घेतलेलाच असतो आणि सकाळी तो रिकामा असतो. त्या सुमारास बऱ्याच कॉलेजांची समर आणि फॉलची नोंदणी उघडायची असते. येणाऱ्यांनी लॅपटॉप, भारतातली आणि इथली सगळी ट्रान्सक्रिप्ट्स, आणि ज्या तीन नर्सिंग कॉलेजांना अर्ज करायचा विचार आहे त्यांची नावं आणावीत. तीन नावं नसतील तर पहिला तास त्यातच घालवू. बे एरियाच्या बैठकीला मी येईन, सकाळी नऊला, फक्त आदल्या रात्री माझी शिफ्ट नसेल अशी तारीख बघा.

आपली,
मंडळाची एक सभासद,
रजिस्टर्ड नर्स, बे एरिया